वास न येणारं काम

त्याच्या पाठीवर पंप नाही, हे चेअरमनकाकांच्या पहिल्याच नजरेत भरतं.

"औषध गाडीत ठेवलंय का?"

"नाई जी. आज पहिले पाहणं. औषध मंग," असं म्हणत तो बॅग खाली ठेवतो.

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. सकाळचे साडेसात. उलव्यातल्या आमच्या सात मजली इमारतीच्या गेटवर आम्ही तिघं उभे आहोत. दिवाळी आठवड्यावर आलेली. सोसायटीची सेक्रेटरी मी. हौस अजिबात नव्हती, मीटिंगला उशिरा पोचले तोवर बाकीच्यांनी ठरवून टाकलं होतं. तो बॅगेतून एकेक वस्तू काढून कट्ट्यावर मांडतो: बॅटरी, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा, पांढरी पळी, झाकणाची बाटली, नायलॉन जाळीची गुंडाळी, तारेची घासणी, पांढऱ्या सिमेंटची पुडी. चेअरमनकाका बँकेतून निवृत्त झालेले. तारण ठेवायला आणलेला ऐवज बघावा तसे ते या सामानाकडे बघतात.

जुलैपर्यंत दुसरा माणूस यायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तोंडाला रुमाल बांधून जिन्यापासून गच्चीपर्यंत सगळं भिजवून जायचा. दोन दिवस घसा खवखवे, लहान मुलं खोकत, आणि सगळे खूश असत. आठव्या दिवशी झुरळं हजर. तळमजल्यावरच्या दुकानातल्या काचेच्या पेटीतले मासे एका रविवारी पोट वर करून तरंगले, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा विचारलं की बाबा रे, तू मारतोस तरी काय? "कंपनीचं आहे," एवढंच उत्तर मिळालं.

हा नवा माणूस मूळचा यवतमाळकडचा. चाळिशीचा, किडकिडीत. पहिल्या भेटीत मी त्याला हाच प्रश्न विचारला, तर त्याने पिशवीतून सगळी वेष्टनं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "वाचून घ्या मॅडम. पण सांगून ठेवतो, वास येणार नाई. लोकायले वास पाह्यजे. वास आला का पैसा वसूल."

आम्ही गच्चीवर येतो. ऊन अजून कोवळं आहे. समोर जिथे नव्वदेक मीटर उंचीची उलव्याची टेकडी होती, तिथे आता धावपट्टी आहे. परवा बुधवारी विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानं डिसेंबरात उडतील म्हणतात. दुसऱ्या अंगाला खारफुटीचा काळपट हिरवा पट्टा, खाडी, आणि तिच्यावर अटल सेतूची रेघ. मधल्या सगळ्या जागेत इमारती: काही नांदत्या, काही नुसते सांगाडे, काहींवर हिरवी जाळी.

टाक्यांची झाकणं घट्ट बसलेली आहेत. मला बरं वाटतं. मी तसं बोलूनही दाखवते. तो काही न बोलता पहिल्या टाकीशी जातो, उकिडवा बसतो आणि झाकणाच्या वर बॅटरी मारतो.

काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाला मधोमध बशीएवढा खोलगट भाग असतो. चार वर्षांत मी त्याकडे कधी बघितलेलं नाही. त्यात परतीच्या पावसाचं दोन बोटं पाणी साचलंय, आणि त्या पाण्यात काहीतरी वळवळतंय. डास आत जाऊ नयेत म्हणून झाकण लावायचं आणि त्या झाकणाच्याच माथ्यावर त्यांचं बाळंतघर.

"या, जवळ या."

मी गुडघे टेकते. तो पांढऱ्या पळीत पाणी घेतो आणि धरून ठेवतो. पांढऱ्यावर आता स्पष्ट दिसतं. सुताच्या तुकड्यांसारख्या सात-आठ अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीने टांगलेल्या, डोकी खाली. त्यांच्यात दोन-तीन निराळे जीव आहेत, स्वल्पविरामासारखे वाकडे, मोठ्या डोक्याचे. ते कोष. माझी सावली पळीवर पडल्याबरोबर सगळे एकदम तळाशी बुडी मारतात. मी हलत नाही, तर थोड्या वेळाने एकेक करून श्वास घ्यायला वर येतात. अळ्यांना तो "अया" म्हणतो. मला पहिल्यांदा तो उद्गारच वाटला होता.

"उलटी लटकली ते डेंगूची, नाई तर साधी. पाण्याले समांतर, आडवी पडून राह्यली का मलेरियाची. ह्या डेंगूच्या."

"कशावरून?"

"साधीले घाण पाणी लागते. हे तुमचं पाणी पाहा, किती नितळ हाय."

मी पळी घेऊन झाकण उलटं करू बघते. तो हात आडवा करतो. पळीतलं पाणी, दोन कोष आणि चार अळ्या तो बाटलीत भरतो, बाटलीच्या तोंडाला जाळीचा तुकडा रबराने बसवतो आणि माझ्या हातात देतो. "राहू द्या तुमच्याजवळ. मीटिंगमंदी दाखवाले." मग उरलेलं पाणी तो गच्चीच्या कोरड्या कोपऱ्यात पातळ पसरून ओततो. गटाराच्या तोंडाशी ओतलं तर अळ्यांना नवं घर मिळतं, कोरड्या जागी पाच मिनिटांत खेळ संपतो.

झालं, असं मला वाटतं. पण काम आता सुरू होतं. खोलगट भागाच्या कडेला, पाणी होतं त्याच्या जरा वर, तो बोट फिरवतो आणि बोट मला दाखवतो. खसखशीहून बारीक काळे कण. ही अंडी. एडिसची, म्हणजे डेंगीच्या डासाची, मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेवरच्या ओलसर कडेला चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी होऊन कित्येक महिने तग धरतात, आणि पुढच्या पावसात पाणी वर चढलं की फुटतात. आठवड्यातून एक दिवस पिंपं रिकामी करून कोरडी ठेवा, असं आरोग्य खातं वर्षानुवर्षं सांगतंय. आम्ही रिकामी करतो आणि लगेच भरतो. घासत कोणीच नाही. तो तारेच्या घासणीने कडा घासतो, पुन्हा बोट फिरवून बघतो, पुन्हा घासतो. कोपऱ्यात पडलेली जुनी लादी आणून ती झाकणावर तिरकी बसवतो आणि पांढऱ्या सिमेंटने कडा बुजवतो. आता पाणी थांबणार नाही. चार टाक्यांना मिळून पाऊण तास लागतो. चेअरमनकाका दोनदा घड्याळ बघतात.

"एवढ्यात सगळी गच्ची फवारून झाली असती," ते मला हळूच म्हणतात.

कठड्याशी उभा राहून तो पलीकडच्या इमारतीकडे बघतो. तिथला स्लॅब नुकताच भरलाय आणि सिमेंट पक्कं व्हावं म्हणून मिस्त्रींनी वर आळी घालून पाणी साठवलंय. सकाळच्या उन्हात ती आरशासारखी चमकतात. स्लॅबला पाणी लागतं आठ-दहा दिवस. अंड्यापासून उडता डास व्हायलाही साधारण तेवढेच दिवस. म्हणजे आळ्यांतल्या अळ्यांना कोणी हातही न लावता पूर्ण मुदत मिळते. शहरी मलेरियाचा डास, ॲनॉफिलीस स्टेफन्सी, नेमका असल्याच स्वच्छ पाण्यावर वाढतो. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचं मूळ शोधलं तेव्हा ते वाड्यावाड्यांतल्या विहिरींत सापडलं, आणि विहिरी बंद करायच्या म्हटल्यावर शहर बिथरलं, कारण विहिरींशी लोकांचा देवधर्म जोडलेला होता. आपल्याकडे आता विहिरींच्या जागी स्लॅब आहेत.

"ओ मिस्त्री!" तो हाताचा कर्णा करून ओरडतो. "गोणपाटं टाका ना ओली! पाणी कायले साचवता?"

पलीकडचा माणूस हात हलवतो. त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे. तो 'नमस्कार' समजला असावा.

गच्चीवर रोज प्राणायाम करणारे पाचव्या मजल्यावरचे काका सतरंजी गुंडाळता गुंडाळता मुद्द्याला हात घालतात. "मूळ कारण ते आहे," ते खारफुटीकडे बोट दाखवतात. "ते जंगल साफ करत नाहीत तोवर तुम्ही इथे कितीही घासा."

हे मत उलव्यात दर दुसऱ्या घरात ऐकू येतं. डास संध्याकाळी खाडीच्या बाजूने येतात, हे खरंच. पण ते बहुतेक साधे डास. जिथे भराव टाकून किंवा राडारोडा लोटून भरतीचं पाणी अडवलंय, तिथल्या सडक्या पाण्यातले. जिथे खाडी मोकळी आहे तिथे दिवसातून दोनदा भरती-ओहोटी पाणी हलवते, आणि बारीक मासे अळ्या टिपतात. डेंगीचा डास तर फार लांब उडणाराच नव्हे. शंभर-दोनशे मीटर म्हणजे त्याचा मुलूख संपला. आपल्याला चावलेला एडिस हा आपल्याच किंवा शेजारच्या घरचा असतो. आणि खारफुटी तोडायला १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर मनाई केलेली आहे, हे मी काकांना सांगते. काका म्हणतात, "कायदे काय."

विमानतळाकडे बघताना मला एक गंमत आठवते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, २००५ ची, सांगते की विमानतळाच्या आवारापासून निदान ४०० मीटरपर्यंत रोगवाहक कीटकांचा बंदोबस्त पाहिजे. पीतज्वराचा विषाणू भारतात नाही, पण तो पसरवणारा डास आहे. तोच हा, झाकणावरचा. एखादा आजारी प्रवासी आणि एक एडिस, एवढीच सामग्री लागते. म्हणून आफ्रिकेतल्या नि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांतून येणाऱ्यांकडे लशीचा दाखला मागतात. उलव्यातलं टाकीचं झाकण म्हणजे आता निव्वळ सोसायटीची खाजगी बाब राहिलेली नाही. हे मी चेअरमनकाकांना सांगत नाही. ते लगेच विमानतळाकडे वर्गणी मागतील.

खाली उतरताना लिफ्टच्या खड्ड्यात तो बॅटरी टाकतो. पाणी आहे. काढायला पंप लागेल, तो सोमवारी. तोवर तो एका पाकिटातली पिठासारखी पूड कपभर पाण्यात कालवून आत ओततो. ही बीटीआय. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात हा जिवाणू सापडला. डासाच्या अळीने तो गिळला की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात त्याचं विष जागं होतं. माशाला, माणसाला, मांजराला काही नाही. मी पाकिटाला नाक लावून बघते. जुन्या पिठासारखा मंद वास. चेअरमनकाकाही हुंगतात आणि निराश होतात.

तिसऱ्या मजल्यावर ३०२ मधल्या वहिनी वाटच बघताहेत. ओट्यावर चकलीच्या भाजणीचा डबा, परातीत पोहे वाळत घातलेले. "मी सगळं आवरून ठेवू का? मागच्या वेळी भांडी नि भांडी बाहेर काढायला लावली होती."

"काही काढू नका ताई. फक्त खालची ट्रॉली."

ट्रॉली रुळावरून उचलून तो बाजूला ठेवतो, जमिनीवर आडवा होतो आणि आरसा बिजागरीच्या मागे धरतो. वहिनी आणि मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघतो. बिजागरीच्या फटीत मिशा हलताहेत. ही आपली मोरीतली मोठी तांबडी झुरळं नव्हेत. ही बारकी, पाठीवर दोन काळ्या रेघा असलेली, जर्मन म्हणतात ती. नाव जर्मन असलं तरी ट्रॉलीच्या स्वयंपाकघरांतून ती घरोघरी मराठी झालीत. आरसा जरा तिरका करून तो म्हणतो, "हे पाहा, लेकुरवाळी." एका मादीच्या पोटाच्या टोकाला खारकेच्या रंगाची, भाताच्या दाण्याएवढी पेटी चिकटलेली आहे. आत तीस-चाळीस अंडी. पिल्लं बाहेर पडायच्या बेताला येईपर्यंत ती ही पेटी अंगावर बाळगते आणि फटीच्या तळाशी बसून राहते. फवारा तिथे पोचतच नाही. फवाऱ्याने पळतात ती बाकीची, आणि पळून जातात कुठे? पाइपच्या भोकातून ३०३ मध्ये. पुढच्या महिन्यात ३०३ वाले फवारा मारतात, की मंडळी परत माहेरी.

तो पिचकारीतून जेलचे ठिपके देतो. मोहरीएवढे, बिजागरीच्या आत, रुळाच्या खाली, फ्रिजच्या मोटरीमागे. मी मोजते, सोळा. झुरळ ते खातं, लगेच मरत नाही, फटीत परत जातं, तिथे मरतं. मग त्याची विष्ठा आणि त्याचं मढं बाकीची खातात आणि तीही जातात. अट एकच: त्या जागी फवारा नाही, फिनेल नाही. वास लागला की झुरळ जेलला तोंड लावत नाही.

"पण हे हर्बल आहे ना?" वहिनी विचारतात.

"हर्बल म्हंजे काय जी? धोतरा बी हर्बलच हाय."

वहिनी हसतात, पण मनातून हललेल्या नाहीत. त्या सिंकखालून थंड पेयाची एक जुनी बाटली काढतात. आत दुधाळ पाणी. "हे मी बाजारातून आणलंय. सुटं मिळतं. एकदा झाकण उघडलं की दिवसभर वास राहतो बघा." त्यांच्या आवाजात अभिमान आहे.

तो पहिल्यांदाच गंभीर होतो. बाटली उघडत नाही. "घरात लेकरं हायत?"

"नातू आहे. साडेतीन वर्षांचा."

तो जेलचं वेष्टन वहिनींपुढे धरतो. कीटकनाशकाच्या प्रत्येक वेष्टनावर चौकोन असतो, टोकावर उभा केलेला, पत्त्यातल्या चौकटसारखा. त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात सौम्य. शिवाय विषबाधा झाली तर काय करायचं तेही तिथेच छापलेलं असतं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने हे सगळं बंधनकारक केलंय, आणि घरोघरी जाऊन औषध मारणाऱ्याला परवानाही. "ह्या बाटलीवर कोणता रंग?" तो विचारतो. बाटलीवर हसऱ्या नटाचा अर्धा फाटलेला चेहरा आहे. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल. घराघरांत असाच उग्र वास मारणारं डायक्लोरव्हॉस २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झालं. पण सुट्या बाटलीला कसला आदेश?

वहिनी बाटली सिंकमध्ये ओतायला निघतात. "नाई नाई, मोरीत नाई!" तो जवळजवळ ओरडतो. बाटली दोन पिशव्यांत बांधतो, वर पेनाने 'विष' लिहितो आणि बॅगेत ठेवतो.

जिन्यात मी विचारते, एवढा का दचकलास? पायरीवर पाणी पिता पिता तो सांगतो. २०१७ च्या पावसाळ्यात त्यांच्याकडे कपाशी पुरुषभर वाढली होती. फवारणी करणाऱ्याच्या डोक्याच्या वर. पंप मारला की सगळं परत तोंडावर. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. हा तेव्हा मजुरीने फवारायचा. चार दिवस दवाखान्यात होता. "डोळ्यापुढं सगळं पांढरं. बायको कोन, डॉक्टर कोन, समजे नाई." बाटलीचं झाकण लावून तो उठतो. "शेतात कामगंध सापळे लावतो आपण, बोंडअळीसाठी. त्याचा वास फक्त पतंगाले येते. माणसाले काहीच नाई. ते चांगलं काम."

मागच्या बाजूचा डक्ट हा माझ्या अंदाजाने सगळ्यात वाईट भाग असणार होता, पण तिथे तो फार वेळ लावत नाही. पाइपांच्या भोवतीची भोकं दाखवतो: जिथे पेन्सिल जाते तिथून उंदराचं पिल्लू जातं, अंगठा जातो तिथून मोठा उंदीर. जाळी आणि सिमेंट, गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम. कचऱ्याच्या डब्याला झाकण. तळमजल्यावरच्या एका चौकटीवर मातीची बारीक नळी चढलेली आहे, ती वाळवी. तिला वेगळा दिवस. पेव्हर ब्लॉकखाली घुशीने उकरलंय.

डक्टच्या कोपऱ्यातून लांब नाकाचं काहीतरी चिरचिरत पळतं. वॉचमनदादा काठी उगारतात. "राहू द्या दादा, चिचुंद्री हाय." दिसते उंदरासारखी, पण ती उंदीर नव्हेच. ती किडे खाते. झुरळं तर आवडीने. आम्ही आजवर पिंजऱ्यात सापडलेल्या किती चिचुंद्र्या मारल्या असतील!

चेअरमनकाका विचारतात, घुशीला केक टाकणार ना? आधीचा माणूस निळे-हिरवे ठोकळे उघड्यावर टाकून जायचा. त्यात बहुधा ब्रोमॅडिओलोन असतं. खाल्ल्यावर रक्त गोठत नाही, आणि उंदीर चार-पाच दिवस झिंगल्यासारखा फिरत राहून मरतो. त्या चार-पाच दिवसांत त्याला पकडणं फार सोपं असतं. मांजराला, घारीला, गव्हाणी घुबडाला. विष मग त्यांच्या पोटात. आमच्या अंगणातून रिक्षाने दहा मिनिटांवर गव्हाण गाव आहे, आणि गव्हाणी घुबड या भागात मी शेवटचं कधी बघितलं ते आठवावं लागतं. नऊ दिवसांनी लक्ष्मीपूजन करू, तिच्या वाहनाला ठोकळा घालून.

"आधी कचरा बंद करा, भोकं बुजवा. पंधरा दिवसांनी घूस दिसली तर कुलपाच्या डब्यात ठेवू," तो म्हणतो.

साडेअकराला गेटवर मासळीवाली मावशी येते. मोराव्याच्या बाजूची, आगरी. पाटीत कोळंबी आणि दोरीने बांधलेल्या चार चिंबोऱ्या. भाव करून झाल्यावर ती आमच्या माणसाच्या बॅगेकडे बघते.

"धूर मारायला आलास काय र?"

"नाई मावशी. धूर नाई."

"मारू पन नको. तो मागचा येवाचा ना, गटाराचा पानी सगला आमचे खाडीन. कोलंबी कशी भेटल मंग?"

मावशीने कीटकशास्त्र वाचलेलं नाही, पण गाठ बरोबर जागी मारली आहे. झुरळ आणि कोळंबी, डास आणि चिंबोरी, ही सगळी सांधेवाल्या पायांची एकाच गोतातली मंडळी. झुरळाच्या नसा पिळवटणारा पायरेथ्रॉइड फवारा कोळंबीच्या नसा सोडत नाही, आणि माशांना तर तो फारच घातक. फुलांपासून काढलेलं अस्सल 'हर्बल' पायरेथ्रमसुद्धा. दुकानातल्या काचपेटीचं कोडं मला इथे गेटवर, कोळंबीचा वाटा पिशवीत घेताना सुटतं.

"पयले इथं सगला भात व्हता," मावशी पाटी डोक्यावर घेता घेता आमच्या इमारतीकडे हात करते. "रातचे बेंडकं अशी ओरडायची का झोप नाय. तवा मच्छर व्हते, नाय असं नाय. पन बेंडकं खायाची त्यांना." बेडकाच्या तंगड्या परदेशी पाठवायला भारताने १९८७ साली बंदी घातली, ती याच हिशेबाने, की एक बेडूक किती किडे खातो. इथल्या बेडकांना कोणी परदेशी पाठवलं नाही. त्यांच्यावर भराव पडला.

तो कामाची पावती लिहितो. 'वापरलेले औषध' या रकान्यात: जेल, नऊ घरे, बीटीआय, एक चमचा. 'सूचना' या रकान्यात मात्र जागा पुरत नाही, मागच्या पानावर जातो. अकरा भोकं, चार जाळ्या, तीन गळके नळ, एक तुटकं चेंबर. प्रत्येक ओट्याखाली त्याने तारीख घातलेला चिकट कागद ठेवलाय. पंधरा दिवसांनी येऊन त्यावरची झुरळं मोजणार, आणि आकड्यावरून पुढचं ठरवणार.

चेअरमनकाका चष्मा वर करून वाचतात. "म्हणजे एवढ्या पैशात तुम्ही आम्हालाच कामं लावून चाललात."

"हो जी," तो म्हणतो.

सोसायटीच्या ग्रुपवर दुपारपासून निरोप येताहेत. 'पेस्ट कंट्रोल झालं का?' 'आमच्याकडे वास नाही आला.' 'आमच्याकडेही नाही.' 'माणूस आला होता की नाही?' मी एकेकाला उत्तर देते आणि मध्येच सोडून देते.

संध्याकाळी सहाला रस्त्यावरून फटफट आवाज येतो. धूर फवारणीची गाडी. पांढरा लोट इमारतींच्या मधून सरकतो, मुलं किंचाळत त्याच्यात शिरतात, आया बाल्कनीतून ओरडतात आणि खटाखट खिडक्या लागतात. या धुराने त्या क्षणी हवेत उडणारे डास मरतात. अळ्या, कोष, अंडी यांना तो समजतही नाही. डेंगीचा डास तर बहुतेक घरात, कपाटामागे, पलंगाखाली बसलेला, आणि खिडक्या आपण बंद केलेल्या. तरी मला हा वास लहानपणापासून ओळखीचा आहे. गावी भिंतींवर डीडीटीचे पांढरे ओघळ असायचे आणि दारावर गेरूने घातलेली तारीख. तेव्हा ढेकूण मेले म्हणून आजी फवारणीवाल्याला चहा द्यायची. १९६५ साली देशात मलेरियाचे रुग्ण एक लाखाच्या घरात आले होते. डास डीडीटी पचवायला शिकले, बाकीचीही ढिलाई झाली, आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. शेतीतून डीडीटी १९८९ मध्ये गेलं. डासांसाठी मात्र ते पुढेही तयार होत राहिलं, आणि तेही लांब कुठे नाही, आपल्या रायगडातल्या रसायनीला, हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात.

ग्रुपवर तीन अंगठे येतात. 'आता वास आला!'

मी खिडकी लावते आणि दिवा लावते. टेबलावर सकाळची बाटली तशीच आहे. अळ्या चार. कोष मात्र एकच हलतोय. दुसरा पाण्यावर निश्चल आणि सरळ झालेला. मेला असं वाटून मी जवळ जाते. त्याच्या पाठीवर एक चीर पडली आहे, केसाएवढी. ती रुंदावते. आतून काहीतरी फिकट वर येतं, अगदी सावकाश, पाण्याला न शिवता. आधी छाती, मग डोकं, मग घडी घातलेले पाय एकेक करून. पाच-सात मिनिटांत तो आपल्याच सोडलेल्या कातीवर उभा आहे, होडीत उभं राहावं तसा. पंख ओले. काळ्या पायांवर पांढरे पट्टे, चुन्याने ओढल्यासारखे. मुलाच्या कंपासपेटीतलं भिंग मी आणते. मिशा पिसांसारख्या झुपकेदार. म्हणजे नर. हा चावत नाही, हा फुलांतला रस पिऊन जगतो. त्याच्यामागून मादी येईल, त्या दुसऱ्या कोषातून, उद्यापर्यंत.

तो उडतो आणि जाळीला खालून चिकटतो.

मी बाटली घेऊन बाल्कनीत जाते. धूर अजून खाली रेंगाळतोय. तुळशीच्या शेजारी एक रिकामी कुंडी आहे, मातीला भेगा पडलेली. जाळीवरूनच बाटली उपडी करते. पाणी झिरपून जातं. भिंगातून बघत मी थांबते, अळ्या हलायच्या थांबेपर्यंत. मग बाटलीची आतली कड तारेच्या घासणीने घासायला घेते.